तेवढा एकच आकडा

गेल्या आठवड्यात माझं रक्त तपासलं. मला काही झालं नव्हतं. सुनेनं धरून नेलं. वय झालं की घरातली माणसं आपल्याला अधूनमधून अशी नेतात, शिलाई मशीन तेलपाण्याला नेल्यासारखी. हल्ली रिपोर्ट कागदावर येत नाही, फोनवर येतो, आणि माझ्या पोटात काय चाललंय ते माझ्या आधी माझ्या नातीला कळतं.

नात माझ्या पलंगावर मांडी घालून वाचायला बसली.

"आजी, लिव्हर एकदम झकास हाय तुझं. एसजीपीटी सव्वीस."

"ते राहू दे. अल्ब्युमिन किती?"

"अल्ब्युमिन कशाला पायजे तुला? भाजीत घालणारैस का?"

"सांग म्हणलं ना."

"चार पॉइंट एक."

"बिलिरुबिन?"

"शून्य पॉइंट सात." आता तिनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "आजी, तू सातवी पास ना गं?"

"नापास. गणितात."

"मग हे कुठं शिकलीस?"

"तुझ्या आजोबांच्या लॅबमध्ये," मी म्हणाले. ती हसली, माझ्या गालाला हात लावला आणि चहा टाकायला गेली. मी भिंतीकडं तोंड करून आडवी झाले. चहा आला तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. सोंगं मला पहिल्यापासून चांगली जमतात, आणि ह्या गोष्टीत ती पुष्कळ येणार आहेत.

मालक, म्हणजे तिचे आजोबा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी उसाचा रस तपासला. गाळप चालू असलं की दर तासाला रसाचा नमुना यायचा. तो उंच काचेच्या भांड्यात ओतायचा, त्यात काटा सोडायचा, काटा कुठवर बुडतो ते वाचायचं. मग गोल कागदातनं रस गाळायचा आणि दुर्बिणीसारख्या एका नळीतनं बघून त्यात साखर किती ते लिहायचं. त्यांची एक सवय होती. आकडा एकदा वाचून ते लिहायचे, पुन्हा वाचायचे, आणि दोन्ही वेळा तोच आला तर त्याच्याखाली पेन्सिलीनं बारीक तिरकी रेघ ओढायचे. रेघ नसलेला आकडा त्यांच्या लेखी कच्चा.

ही सवय घरीसुद्धा आली होती. लेकीला ताप आला तर थर्मामीटर दोनदा लागायचा. मी एकदा म्हणाले, "लग्नाआधी तुम्ही मला दोनदा बघायला आलता, ते ह्याच्यामुळंच का?"

"व्हय," म्हणाले. "पहिल्या खेपेला तू मान खाली घालून बसलीस. रीडिंग मिळालं न्हाय."

आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. तिथल्या बायकांचं अर्धं लक्ष चुलीकडं आणि अर्धं चिमणीकडं असायचं. गाळप चालू असलं की चिमणीतनं काजळी उडायची आणि दोरीवरच्या कपड्यांवर, अंगणातल्या पापडांवर, कुरडयांवर काळे कण येऊन बसायचे. फुंकर मारली तर उडायचे, बोट लावलं तर तिथंच पसरायचे. म्हणून पापड हंगाम संपायच्या सुमाराला घालायचे. चिमणी गार झाली की कॉलनीभर खाटा-बाजा निघायच्या आणि पापड कसे पांढरेशुभ्र वाळायचे. ही काजळी लक्षात ठेवा. मी ती विसरले होते.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. आता सत्तरीच्या पुढून मागं बघितलं तर ती बाई मला तरणीच वाटते, आणि तरण्या बाईच्या अंगात असते तेवढी सगळी घमेंड तिच्या अंगात होती. तिला मी "ती शहाणी" म्हणते. "मी" म्हणायला अजून जीभ वळत नाही.

तर त्या वर्षी मालक दमायला लागले. शुगर आधीपासून होती, पोट थोडं सुटलं होतं. ड्यूटीवरनं आले की बूट न काढता खुर्चीत बसायचे. धाराशिवच्या डॉक्टरांनी (तेव्हा पाटीवर उस्मानाबाद होतं, पण आम्ही बोलताना धाराशिवच म्हणायचो) रक्त तपासायला लिहून दिलं. रक्त देऊन मालक कामावर गेले; गाळप ऐन भरात होतं. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला ती शहाणी एकटीच बसनं गेली.

लॅबमधल्या पोरीनं कागद हातात दिला. वरती जाड अक्षरात इंग्रजीत लिव्हर असं लिहिलेलं. तेवढं इंग्रजी शहाणीला येत होतं, आणि तेवढं वाचून तिनं कागद झटकन उलटा केला.

त्याचं कारण ऐका. आमच्याकडं लिव्हर म्हणलं की दारू. दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. अमक्याचं लिव्हर गेलं, असं नुसतं म्हणायचं, पुढचं सगळे आपापलं समजून घेतात. मालकांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. गळ्यात लिंग, सकाळी पूजा केल्याशिवाय चहा नाही. पण कारखान्याच्या पलीकडं मळीपासून स्पिरिट काढायचं युनिट होतं, आणि लॅबमधल्या माणसांची तिकडं येजा असायची. बाहेरच्यांना आधीच चेष्टेला तेवढं पुरायचं. "तुमचं बरं हाय, घरचीच गंगा," असं कुणीतरी म्हणायचं आणि मालक हसून सोडून द्यायचे.

आणि लेकीचं लग्न जमत आलं होतं. पाहुणे उमरग्याकडचे, घरात कानडी बोलणारे, धर्माला लई कडक. मुलाची आजी तर कुणाकडं पाणी प्यायच्या आधी घराणं विचारायची. शहाणीनं तिथं लॅबच्या बाकावर बसल्या बसल्या ठरवलं की हा शब्द त्या आजीच्या कानावर जाता कामा नये.

कागदाची चार पदरी घडी करून ती डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "दारू न पिणाऱ्याच्याही लिव्हरवर चरबी चढते. शुगर असली की जास्त. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. वजन उतरवा, गोड बंद. एकदा सोनोग्राफी करून घ्या आणि तीन महिन्यांनी ही सगळी तपासणी पुन्हा." बोलता बोलता त्यांनी पेन काढून एका आकड्याला गोल केला. एसजीपीटी, एकशे बेचाळीस. चाळिसाच्या आत पाहिजे, म्हणाले.

एवढं सगळं सांगितलं त्यांनी. शहाणीच्या डोक्यात राहिला फक्त तो गोल.

घरी येताना बसमध्ये कॉलनीतलीच एक बाई शेजारी बसली. "कशाचा रिपोर्ट हो?" तिनं विचारलं. "शुगरचा," शहाणी म्हणाली, आणि पिशवी मांडीखाली घेऊन बसली.

मालकांना सांगितलं, "एक आकडा वाढलाय. तेवढा खाली आणायचाय. बाकी सगळं बरोबर हाय."

"कागद बघू."

"डॉक्टरांनी ठिवून घेतला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडंच, त्या शहाणीच्या नावावर किती ढकलू. "बरं," म्हणाले. कागद ट्रंकेत होता, माझ्या लग्नातल्या शालूच्या खाली.

पुढं जे झालं त्याचं मला हसू येतं, आणि त्या हसण्याची लाज वाटते. तीन महिन्यांनी शहाणी मालकांना घेऊन लॅबमध्ये गेली. त्यांना बाकावर बसवलं आणि काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, "ते लिव्हरचं सगळं करू नको. तेवढं एसजीपीटी काढ."

"मावशी, डॉक्टरांनी पूर्ण लिहिलंय."

"तुला सांगितलं तेवढं कर की गं."

पोरीनं खांदे उडवले आणि केलं. त्या कागदावर वरती लिव्हर हा शब्दच आला नाही. चार इंग्रजी अक्षरं आणि पुढं एक आकडा. ह्या चार अक्षरांत काय आहे हे उमरग्याच्या आजीला सात जन्मांत कळणार नव्हतं. शहाणी स्वतःच्या हुशारीवर अशी खूश झाली की स्टँडवर मालकांना तिनं शहाळं पाजलं.

आणि सोनोग्राफी? मशिनखाली झोपलेला माणूस दहाजणांना दिसतो, म्हणून ती लग्नानंतर करायची ठरली. लग्नानंतर ती कुणाच्या तोंडी आली नाही.

आकडा शहाण्णव आला होता.

मग शहाणी पेटली. साखर बनवणाऱ्या माणसाच्या घरातला साखरेचा डबा तिनं माळ्यावर टाकला. सणाला पुरणाऐवजी साधं वरण. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, मेथी, कारलं. संध्याकाळी मालकांना कॉलनीला दोन फेऱ्या मारायला लावायची आणि स्वतः फाटकात उभं राहून मोजायची. ते दुसऱ्या फेरीत कुणाच्या ओट्यावर टेकले की हाक मारायची, "अहो, ती फेरी धरली न्हाय मी."

"रेघ वढ की त्याच्याखाली," ते तिकडनं म्हणायचे.

लेकीचं लग्न झालं. मालकांनी पत्रिकेच्या नमुन्यावर मुहूर्ताच्या वेळेखाली तिरकी रेघ ओढली होती, ती छापखान्यातल्या माणसानं तशीच पत्रिकेत छापली. पाहुण्यांच्या आजीला वाटलं ही आमच्या घराण्याची काहीतरी रीत आहे. तिनं आपल्या धाकट्या नातवाच्या पत्रिकेतही तशी रेघ घालायला लावली. ते कळलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. त्यानंतर आम्ही दोघं मिळून तसे हसल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या खेपेला आकडा एकसष्ट. मालक निवृत्त झाले, आम्ही तेरला, गावातल्या आमच्या घरी आलो. मुलगा पुण्यात शिकत होता. घरात आम्ही दोघंच. आता शब्द लपवायचं काही कारण उरलं नव्हतं, पण एव्हाना शहाणीला तो एक आकडा पाठ झाला होता, तिचा झाला होता. दुसरं काही बघावं असं तिच्या मनातच आलं नाही. लॅबमधली पोरगीसुद्धा तिला बघितलं की न विचारता म्हणायची, "मावशी, तेवढंच ना?"

आणि मग चौतीस आला. चाळिसाच्या आत.

शहाणीनं येरमाळ्याच्या देवीला नवस बोलला होता. मालकांना घेऊन गेली, खणानारळानं ओटी भरली, आणि एकाकडून कुंथलगिरीचे पेढे मागवून ठेवले होते ते गल्लीत घरोघर दिले. "मालकांचा रिपोर्ट नॉर्मल आला," असं प्रत्येक दारात सांगितलं. कशाचा ते कुठंच सांगितलं नाही. घरी आल्यावर मालकांपुढं पुडा धरला. "घ्या. आज एक चालतो."

त्यांनी एक पेढा घेतला. खरपूस, तपकिरी. सावकाश खाल्ला. मग दुसऱ्याला हात घातला. मी त्या हातावर चापट मारली. "एक म्हणलं ना. केमिस्ट असून मोजता येत न्हाय व्हय?"

"असू दे गं आजच्या दिवस," म्हणाले. मी पुडा उचलून आत नेला.

हे इथं सोडते. पुन्हा यावं लागणार आहे.

त्यानंतर वर्षभरात त्यांचे हात बारीक झाले आणि पोट मात्र वाढायला लागलं. संध्याकाळी पाय सुजायचे. बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दाढी करताना जरासं कापलं तर रक्त थांबायचं नाही, कापूस लावून बसायचे. अंगाला खाज. शर्टाच्या खिशात एक गोळ्यांची पट्टी असायची. विचारलं की "गॅसची" म्हणायचे. चालायला जा म्हणलं तर आता पहिली फेरीसुद्धा होत नव्हती.

आणि शहाणी काय म्हणायची? ती म्हणायची, "रिपोर्ट नॉर्मल हाय तुमचा. उगं नाटकं करू नका."

एका सकाळी त्यांचे डोळे पिवळे दिसले. मुलाला बोलावून घेतलं आणि सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवलं. शहाणीनं कागद उचलून आधी आपला आकडा शोधला. एकतीस. तिच्या जिवात जीव आला.

"बाई, हे तर बरोबर हाय की," ती म्हणाली. "चाळिसाच्या आत हाय. म्या चार वर्षं सांभाळलंय हे."

बाईंनी कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, लिव्हरच्या पेशी फुटतात तेव्हा हे एसजीपीटी रक्तात सांडतं. म्हणजे मोडतोड किती चाललीय ते हा आकडा सांगतो. लिव्हर काम किती करतंय ते हा सांगत नाही. ते बघायला हे अल्ब्युमिन बघायचं. ते लिव्हरच बनवतं. ते कमी झालं की पाणी अंगात झिरपतं, पोटात साठतं. हा आयएनआर, रक्त गोठायला लागणाऱ्या गोष्टीही लिव्हर बनवतं, त्या कमी पडल्या की हा वाढतो. आणि हे बिलिरुबिन, त्यानं डोळे पिवळे झालेत. सुजलेलं लिव्हर कडक होतं, आकसतं. मग फुटायला पेशीच थोड्या राहतात, आणि एसजीपीटी आपोआप खाली येतं."

अल्ब्युमिन दोन पॉइंट तीन होतं. साडेतीनच्या वर पाहिजे.

शहाणीला कळलं नाही. कळलं, पण तिला कळायचं नव्हतं. "पर त्यो आकडा खाली आला ना," ती पुन्हा म्हणाली. "एकशे बेचाळिसावरनं आला. म्या आणला."

मग मालक बोलले. माझ्या हातातला कागद त्यांनी काढून घेतला आणि माझा हात तसाच धरून ठेवला. परक्या बाईंच्या पुढं, मुलाच्या पुढं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"अगं, कॉलनीत तुझ्या पापडावर काजळी पडायची, आठवतंय?"

"व्हय."

"हंगाम संपला की पडायची न्हाय. पापड पांढरे व्हायचे. तू खूश व्हायचीस."

"व्हय."

"पर तेव्हा कारखान्यात साखर पडत होती का?"

मुलगा खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "काका, मला पण इतकं सोपं सांगता आलं नसतं." मालक हसले. मला आतून एक क्षण असंही वाटलं की माणसाला स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून इतकं बरोबर, इतक्या लवकर कसं सुचलं. पण तो विचार तिथं थांबला नाही. थांबायला त्याला जागाच नव्हती.

त्यानंतर ते सात महिने होते. पोटातलं पाणी काढायला सोलापूरला जायचो, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा भरायचं. मीठ बंद झालं. अळणी भाकरी-भाजी खाताना तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "साखर पण गेली, मीठ पण गेलं. आता तुझ्या हातचं काय राहिलं?" मी म्हणायचे, "शिव्या." शेवटी शेवटी दिवसा झोपायचे आणि बोलताना घोटाळा व्हायचा. एकदा मला लॅबमधला माणूस समजून म्हणाले, "नमुना ठिवून जा, मी बघतो."

गेले तेव्हा सकाळ होती. आमच्यात बसवून माती देतात. त्यांना बसवताना माणसांना त्रास झाला, पोटामुळं. मी दारात उभी राहून ते बघितलं. कुणी आत नेत होतं तर गेले नाही. उमरग्याची ती आजी, वाळून काडी झालेली, गाडी करून आली होती. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "काय झालं होतं गं त्यांना?"

"लिव्हर," मी म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्यानं.

तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "माझा थोरला पण त्यानंच गेला," म्हणाली. "सुपारी पण खात नव्हता. कुणाला सांगितलं न्हाय आमी." तिचा हात किती तरी वेळ पाठीवर होता. जिच्या भीतीनं मी चार वर्षं एकच आकडा तपासला, ती म्हातारी स्वतः तोच शब्द पदराखाली धरून बसली होती.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी रडून मोकळी झाले असते.

वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचं कपाट आवरायला घेतलं. खालच्या कप्प्यात एक गोल पत्र्याचा डबा होता, लॅबमधले गाळायचे कागद यायचे तसला. निवृत्त होताना आठवण म्हणून आणला असेल असं समजून मी तो कधी उघडला नव्हता. उघडला. वर दोन-चार गोल कागद, आणि खाली घड्या घातलेले रिपोर्ट. त्यांच्या नावाचे. धाराशिवच्याच, पण दुसऱ्या लॅबचे. प्रत्येकावर पूर्ण तपासणी. एसजीपीटीपासून आयएनआरपर्यंत. एक सोनोग्राफीचाही कागद होता.

मी पलंगावर ओळीनं मांडले. अल्ब्युमिन तीन पॉइंट एक. दोन पॉइंट नऊ. दोन पॉइंट सात. प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीची बारीक तिरकी रेघ. एसजीपीटीच्या आकड्याखाली एकदाही नाही.

मग मी ट्रंक उघडली. शालूच्या खाली तो पहिला कागद होता, एकशे बेचाळीसचा, मी ठेवला होता त्याच घडीत. उलगडला. डॉक्टरांनी केलेला गोल होता. त्याच्या खाली पाच-सहा ओळींवर अल्ब्युमिन तीन पॉइंट तीन, आणि त्याच्याखाली रेघ. त्यांनी तो कधी काढला, कधी वाचला, पुन्हा चार पदरी घडी करून शालूच्या खाली कधी सरकवला, मला पत्ता नाही.

मी तशीच बस पकडून धाराशिवच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी मान हलवली. "येत होते ते," म्हणाले. "गोळ्या चालू होत्या, शुगरही नीट ठेवली होती. पहिल्या खेपेलाच लिव्हर कडक झालेलं होतं, मावशी, ते नंतर सोनोग्राफीत दिसलं. तुम्ही पूर्ण तपासणी केली असती तरी फार फरक पडला नसता."

"मला का सांगितलं न्हाय?"

"मी म्हणालो होतो त्यांना. ते म्हणाले, तिनं एक आकडा धरलाय आणि तो खाली येतोय. येऊ द्या."

फरक पडला नसता, हे डॉक्टर मला बरं वाटावं म्हणून बोलले की खरं, ते मी अजून ठरवू शकले नाही. खरं असलं तरी त्यानं माझं काही हलकं होत नाही. मी कागद लपवला म्हणून ते गेले नसतील. पण मी लपवला म्हणून त्यांनीही लपवला. एका घरात, एका ताटाला ताट लावून जेवणारे आम्ही दोन चोर. मी घाबरत होते लोकांना, आणि आपलं लिव्हर जातंय हे त्या माणसाला माहीत होतं. चार वर्षं एकट्याला. फाटकात उभी राहून मी फेऱ्या मोजायचे तेव्हा माहीत होतं. नाटकं करू नका म्हणायचे तेव्हा माहीत होतं. पापड आणि काजळीचं ते बोलणं त्यांना सोलापुरात अचानक सुचलं नव्हतं. कधीतरी मला सांगावं लागेल म्हणून त्यांनी ते आधीच तयार करून ठेवलं असणार, दोनदा तपासून.

मला राग येतो त्यांचा. फोटोपुढं उदबत्ती लावताना म्हणते, "अहो, सांगायचं होतं की. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" मग वाटतं, सांगितलं असतं तर शहाणीनं काय केलं असतं. दारं लावून रडली असती, आणि उमरग्याला कळू नये म्हणून आवाज दाबला असता. पण त्यांच्याबरोबर रडली असती ना. ते त्यांना कुणी दिलं नाही.

नातीला ह्यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं आजीला रिपोर्ट वाचायचा नाद आहे. गल्लीतल्या बायका आता आपले कागद माझ्याकडं आणतात आणि मी चष्मा लावून सांगते, "हे नुसतं एसजीपीटी आणलंस व्हय, बाकीचं कुठाय? जा, सगळं करून आण." त्या म्हणतात, म्हातारी डॉक्टरीण झाली. मी पण म्हणते, झालेच आहे.

डब्यातल्या सगळ्यात वरच्या रिपोर्टची तारीख मी पुष्कळ दिवस वाचली नव्हती. नंतर वाचली. दोनदा वाचली. आम्ही येरमाळ्याला ओटी भरायला गेलो त्याच्या दोन दिवस आधीची होती. अल्ब्युमिन दोन पॉइंट सात, खाली रेघ.

म्हणजे पेढ्यांचा पुडा मी पुढं धरला तेव्हा तो कागद त्यांच्या कपाटात येऊन पडलेला होता. त्यांनी माझ्या आनंदाचा एक पेढा सावकाश खाल्ला, आणि दुसऱ्याला हात घातला. आणि मी त्या हातावर मारलं.